लोकहितवादी : नावाआडून सापडलेला आवाज

टोपणनाव म्हणजे भित्रेपणा, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. गोपाळ हरी देशमुख १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने लिहू लागले, तेव्हा ते पंचविशीत होते, सरकारी नोकरीत होते आणि झोडत होते ते स्वतःच्याच ब्राह्मण जातीला. पत्रे भरली १०८. नाव मात्र ‘शतपत्रे’च पडले! त्या काळचे मराठी गद्य बरेचसे पंडिती, भाषांतरित वळणाचे. यांची वाक्ये तुटक, बोलल्यासारखी, कधी ओबडधोबडही. याचे श्रेय मी पत्राच्या घाटाला देतो. समोर कुणी ऐकतो आहे, असे धरूनच पत्र लिहावे लागते. पुढे ते न्यायाधीश झाले, रावबहादूर झाले. आपण अजून त्यांना लोकहितवादीच म्हणतो.