जुन्या संगणकांतील पत्रें नव्या संगणकांत

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे शहाणी गृहिणी एका ठरीव क्रमानें चालते. घरांतील कोणती वस्तु आपली व कोणती घरमालकाची हें ती प्रथम ठरविते. मग सामान बांधते. नव्या जागीं पोंचल्यावर नग मोजून घेते. आणि सारें बरोबर भरलें म्हणजेच जुन्या घराची किल्ली परत करते. संगणक बदलतांना मात्र पुष्कळजण हा क्रम विसरतात. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमींचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या जुन्या यंत्रांस पुढील प्रणाली पेलवत नाहीं, तीं बदलण्याचा प्रश्न त्यामुळें पुष्कळ घरांपुढें आला आहे. अशा वेळीं वर्षानुवर्षें सांठलेलीं ईमेल-पत्रें सुखरूप कशीं न्यावींत, आणि नेल्यावर एकाच कामाचे दोन-दोन फोल्डर दिसूं लागल्यास काय करावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय दिसावयास लहान, परंतु त्यांतील हानि लहान नसते. प्रवेशाचीं व शिष्यवृत्तीचीं पत्रें, विम्याचीं व बँकेचीं पत्रें, परगांवीं नोकरीस असलेल्या वडिलांनीं मुलांस लिहिलेलीं पत्रें, हें सारें आतां ईमेलमध्यें असतें. आमच्या माहितींतील एका कुटुंबांत आजोबांनीं परदेशांतून नातवंडांस लिहिलेलीं पत्रें अशींच सांठलेलीं होतीं. जुना संगणक पुसून विकल्यावर तीं शोधूं लागले, तों तीं दुसरीकडे कोठेंहि नव्हतीं. आजोबा आतां हयात नाहींत. तीं पत्रें पुन्हां कोण लिहिणार?

असें कां झालें, हें समजण्यास एक प्रश्न आधीं विचारला पाहिजे : पत्र राहतें कोठें? ईमेल आपल्या संगणकापर्यंत येण्याच्या प्रचलित रीती दोन आहेत. पहिलीस पॉप म्हणतात, ती इ. स. १९८४ मध्यें निघाली. दुसरीस आयमॅप म्हणतात. ती मार्क क्रिस्पिन यांनीं इ. स. १९८६ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत असतांना रचिली. पॉपची रीत पोस्टमनसारखी आहे. तो पत्र घरीं पोंचवितो आणि मग टपालकचेरींत त्याची प्रत उरत नाहीं. सर्व्हरवर, म्हणजे टपाल सांठविणाऱ्या दूरच्या संगणकावर, प्रत राखून ठेवण्याची सोय पॉपमध्येंहि आहे; परंतु ती चालू केलेली नसेल तर पत्र केवळ आपल्याच यंत्रांत असतें. वर सांगितलेल्या कुटुंबाचें खातें या जातीचें होतें. आयमॅपची रीत वाचनालयासारखी आहे. ग्रंथ मूळ जागींच असतो. कोणी संगणकावरून वाचो, कोणी मोबाईलवरून वाचो, सर्वजण तोच ग्रंथ पाहतात. परंतु एकानें पान फाडलें तर तें सर्वांनाच नाहींसें होतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

म्हणून यंत्र बदलण्यापूर्वीं ईमेलच्या प्रोग्रॅमांत खात्याची माहिती उघडून खातें पॉप आहे कीं आयमॅप, हें पाहावें. आयमॅप असल्यास चिंता थोडी. नव्या यंत्रांत खातें जोडलें कीं सर्व्हरवरील पत्रें आपोआप दिसूं लागतात. तरीहि 'लोकल फोल्डर्स' या सदराखालीं कांहीं ठेविलें आहे काय, हें तपासावें; कारण तीं पत्रें सर्व्हरवर नसून त्या यंत्रांतच असतात. पॉप असल्यास मात्र सर्व पत्रें आपण स्वतः उचलून नेलीं पाहिजेत.

उदाहरणार्थ आपण थंडरबर्ड हा प्रोग्रॅम घेऊं. मोझिलानें त्याची पहिली पूर्ण आवृत्ति डिसेंबर २००४ मध्यें प्रसिद्ध केली व तो मोफत मिळतो. पत्रें, पत्ते, खात्यांच्या नोंदी व पासवर्ड हीं सर्व थंडरबर्ड एकाच फोल्डरांत ठेवितो. त्या फोल्डरास प्रोफाइल म्हणतात. 'हेल्प' मेनूंत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडून 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीसमोरील बटण दाबलें कीं तो सांपडतो. त्याच्या पोटांत 'मेल' नांवाचा फोल्डर असतो; पॉपचीं व लोकल फोल्डरांतील पत्रें त्यांत असतात.

नेण्याची कृति अशी. प्रथम प्रोफाइलची जागा पाहून थंडरबर्ड पूर्णपणें बंद करावा. उघड्या फाईलची नक्कल अपुरी उतरण्याचें भय असतें. मग एखादा भाग न निवडतां संपूर्ण प्रोफाइल बाहेरील डिस्कवर उतरून घ्यावें. त्यांत पासवर्ड असल्यामुळें ती डिस्क किल्लीप्रमाणें जपावी. नव्या यंत्रांत थंडरबर्डची तीच किंवा तिच्याहून नवी आवृत्ति घालावी. नव्या आवृत्तींत वापरलेलें प्रोफाइल जुनी आवृत्ति सहसा उघडीत नाहीं. तेथें खातें न जोडतां प्रोग्रॅम एकदां उघडून वरीलप्रमाणेंच त्याचें प्रोफाइल शोधावें, प्रोग्रॅम बंद करावा, आणि त्या रिकाम्या प्रोफाइलांतील मजकूर काढून जुन्या प्रोफाइलांतील सर्व मजकूर तेथें ठेवावा. प्रोफाइल २ गिगाबाइटपेक्षां लहान असल्यास 'टूल्स' मेनूंतील 'एक्सपोर्ट' व 'इम्पोर्ट' यांनीं हेंच काम अधिक सोपें होतें.

आतां दुहेरी फोल्डरांकडे वळूं. हे तीन कारणांनीं उत्पन्न होतात, आणि तिन्हींचा उपाय निरनिराळा आहे.

पहिलें कारण, खातेंच दोनदां जोडलेलें असणें. जुनें प्रोफाइल आणल्यावर खातें त्याबरोबरच येतें. हें न जाणून कोणी तेंच खातें पुन्हां नव्यानें जोडतो आणि सारी यादी दुप्पट दिसूं लागते. येथें फोल्डरांस हात न लावतां जादा खातें तेवढें प्रोग्रॅममधून काढावें. मात्र दोहोंपैकीं एक पॉप असेल तर त्यांतील पत्रें दुसऱ्यांत आहेत, अशी खात्री झाल्याखेरीज तें काढूं नये.

दुसरें कारण, नांवांचा भेद. पाठविलेल्या पत्रांच्या फोल्डरास थंडरबर्ड 'सेन्ट' म्हणतो, आउटलुक 'सेन्ट आयटेम्स' म्हणतो, आणि अ‍ॅपलचा मेल 'सेन्ट मेसेजेस' म्हणतो. एकाच आयमॅप खात्यावर घरांतील निरनिराळीं यंत्रें काम करूं लागलीं, कीं प्रत्येक आपापल्या नांवाचा फोल्डर निर्माण करतें. कोणता फोल्डर कोणत्या कामाचा हें सर्व्हरनेंच सांगावें, असा नियम इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. तरी सर्वच सर्व्हर व सर्वच खातीं त्याप्रमाणें चालत नाहींत. येथें दोन्ही फोल्डर खरे असतात, आणि बहुधा दोहोंतहि निरनिराळीं पत्रें असतात. घाईनें एक पुसला, तर त्यांतील पत्रें सर्व्हरवरूनहि जातात आणि आईच्या मोबाईलमधूनहि जातात. म्हणून प्रथम खात्याच्या 'कॉपीज् अ‍ँड फोल्डर्स' या सदरांत पुढें कोणता फोल्डर वापरावयाचा तें नेमावें. मग दुसऱ्या फोल्डरांतील पत्रें त्यांत हलवावींत. फोल्डरावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज्' पाहिलें असतां पत्रांची संख्या दिसते. एकांत ४१० व दुसऱ्यांत ९० पत्रें असतील, तर हलविल्यावर ५०० भरलीं पाहिजेत. बेरीज जुळली व दुसरा फोल्डर रिकामा दिसला, म्हणजेच तो काढावा.

तिसरें कारण, पत्र एकच परंतु नांवें अनेक. जीमेलमध्यें फोल्डर म्हणून जें दिसतें, तें पुष्कळदां नुसतें लेबल असतें. एकच पत्र 'इनबॉक्स'मध्यें, 'इम्पॉर्टन्ट'मध्यें व 'ऑल मेल'मध्यें दिसतें; वर्गांतील एकच मुलगा हजेरीपटांत, खेळाडूंच्या यादींत व गायनमंडळाच्या यादींत असावा, तसें हें आहे. 'ऑल मेल'मधील पत्र दुहेरी समजून काढलें, तर मूळ पत्रच केराच्या पेटींत जाऊं शकतें, आणि तेथून ३० दिवसांनीं कायमचें नष्ट होतें. येथें उपाय इतकाच : कांहींहि पुसूं नये. नको असलेलें लेबल जीमेलच्या सेटिंग्जमध्यें जाऊन आयमॅपपुरतें लपवितां येतें.

दोन पत्रें खरोखरच एकमेकांच्या प्रती आहेत काय, अशी शंका येईल तर पत्राचा मूळ मजकूर उघडून 'मेसेज आयडी' ही ओळ पाहावी. पत्र पाठवितांना त्यास सहसा असा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. विषय व तारीख सारखी असून हा क्रमांक निराळा असेल, तर तीं दोन वेगळीं पत्रें समजावींत. क्रमांक एकच असेल तर तीं बहुधा एकाच पत्राचीं रूपें होत.

असा हा क्रम आहे : आधीं पत्र कोठें राहतें तें ओळखावें, मग नक्कल करावी, मग हलवावें, मग मोजावें, आणि पुसणें सर्वांच्या शेवटीं ठेवावें. जुना संगणकहि नवा मिळतांच विकूं नये. निदान महिनाभर तो तसाच राखावा, आणि सर्वांत जुनें एखादें पत्र नव्या यंत्रांत इंटरनेट बंद ठेवूनहि उघडतें काय, हें पाहावें. उघडलें तर तें पत्र खरोखर आपल्या घरीं आलें, असें समजावें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस या यंत्रांचें ज्ञान आईवडिलांहून अधिक आहे, हें आम्ही संतोषानें पाहतों. त्या ज्ञानाबरोबर एक जबाबदारीहि येते. पालक विश्वासानें संगणक आपल्या हातीं देतात तेव्हां त्यांचा सारा पत्रव्यवहार ते आपल्या स्वाधीन करीत असतात. तो न वाचतां, न हरवितां, मोजून परत देणें हा विश्वासू कारभाऱ्याचा धर्म होय, आणि देवानें दिलेल्या बुद्धीचा तो एक चांगला उपयोग आहे. पालकांनींहि एवढें करावें कीं, मुलगा किंवा मुलगी हें काम करीत असतां घाई करूं नये, व पुसण्याची वेळ येईल तेव्हां क्षणभर शेजारीं येऊन बसावें. कोणतीं पत्रें जपावयाचीं, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?