काढलेला तुकडा फेकू नका!

मध्यंतरी साठीचे एक शेतकरी आपल्या मुलाबरोबर दवाखान्यात आले. त्यांच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. "पायाला काही लागलं असेल, म्हणून अवधाण आलं असं वाटलं. पण महिना झाला, गाठ बसत नाही," मुलगा म्हणाला. अवधाण म्हटले की पाय पाहायलाच हवा. टाचेवर एक जुना वण होता आणि वणाच्या कडेला काळसर छटा होती. खोदून विचारल्यावर कळले, की त्या जागी दोन वर्षांपासून काळा डाग होता. बाभळीचा काटा आत राहिला असेल, अशी सगळ्यांची समजूत. पुढे डाग पसरला, चिघळू लागला. तेव्हा आठ महिन्यांपूर्वी एके ठिकाणी 'कुरूप' म्हणून तो कापण्यात आला.

"काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का?" मी विचारले.

"नाही डॉक्टरसाहेब. कुरूपच तर होतं. तिथंच टाकून दिला."

जांघेतल्या गाठीतून सुईने काढलेला नमुना तपासला, तेव्हा निदान झाले मेलॅनोमा. त्वचेचा हा सर्वांत घातक कर्करोग टाचेवरून जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

अलीकडे या रोगासाठी 'मॉलिक्युलर टेस्ट' सांगितली जाते. ही तपासणी कशासाठी असते, ती कोणाला लागते आणि तिच्यासाठी आपण काय जपून ठेवायचे, हे आज समजून घेऊ.

आपल्याकडचा त्वचेचा कर्करोग

गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. आपल्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते. तरीही भाजल्याच्या जुन्या वणावर किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर कर्करोग होऊ शकतो. धोतर कमरेला सतत घट्ट बांधल्याने होणाऱ्या कर्करोगाकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वि. रा. खानोलकर यांनी १९४० च्या दशकातच लक्ष वेधले होते. साडी किंवा परकराच्या नाडीच्या काचानेही असा रोग झाल्याची उदाहरणे आहेत. या प्रकारच्या कर्करोगात तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुधा निदान होते. जनुकांच्या तपासणीची सहसा गरज पडत नाही.

मेलॅनोमाची गोष्ट वेगळी आहे. तो रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत तो मोठ्या प्रमाणात तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. तिथे ऊन लागत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम आधी फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली गेली. १९७७ साली ती मेलॅनोमा असल्याचे कळले. १९८१ साली वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

सूक्ष्मदर्शक आधी

संशयास्पद डाग काढला की तो फॉर्मेलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. तिथे तो मेणात बसवून त्याचा 'पॅराफिन ब्लॉक' तयार करतात आणि त्याचे अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग त्वचेत किती खोल गेला, याचे माप मिलिमीटरमध्ये घेतात. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडली. एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा मेलॅनोमा वेळीच काढला, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आमच्या शेतकरी काकांच्या डागाची जाडी किती होती, तो पूर्ण निघाला होता की नाही, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. तुकडाच राहिला नाही!

बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकच निकाल देतो. परंतु काही तीळ असे असतात, की अनुभवी डॉक्टरांतही मतभेद होतात. एक म्हणतो साधा तीळ, दुसरा म्हणतो मेलॅनोमा. अशा वेळी पेशींच्या आतल्या रेणूंकडे पाहावे लागते. मेलॅनोमाच्या पेशींत गुणसूत्रांचे तुकडे गळालेले किंवा जादा झालेले असतात. साध्या तिळात असे बदल सहसा दिसत नाहीत. फिश नावाच्या चाचणीत गुणसूत्रांच्या ठरावीक भागांना चिकटणारी, चमकणारी रंगद्रव्ये वापरून हे ठिपके मोजतात. तसेच प्रेम नावाच्या प्रथिनासाठी कापांना विशेष रंग देतात. हे प्रथिन बहुसंख्य मेलॅनोमांत भरपूर असते, तर साध्या तिळांत बहुधा नसते. हे सारे पुरावे एकत्र मांडून पॅथॉलॉजिस्ट निर्णय देतो.

एका अक्षराची चूक

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. २००२ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात असे दिसले, की अनेक मेलॅनोमांत बी-रॅफ नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. बहुतेकांत ही एकाच अक्षराची चूक असते. तिच्यामुळे पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारे बटण चालू अवस्थेतच अडकून बसते. गोऱ्या लोकांतील त्वचेच्या मेलॅनोमांपैकी जवळजवळ निम्म्यांत ही चूक सापडते.

ही चूक शोधायची कशी? कोरोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेले पीसीआर हे नाव आठवत असेल. १९८३ साली अमेरिकेतील कॅरी म्युलिस यांना ही युक्ती सुचली आणि तिच्यासाठी १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत डीएनएचा हवा तेवढा भाग दुप्पट, चौपट, आठपट करत जातात. असे तीस वेळा केले, की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. मग त्यातली चुकीची प्रत ओळखता येते. मेणाच्या जुन्या ब्लॉकमधूनही हे जमते.

चूक सापडली तर उपयोग काय? २०११ साली अमेरिकेत व्हेमुराफेनिब या गोळीला मान्यता मिळाली. ती नेमक्या याच बिघडलेल्या बी-रॅफला अडवते. पुढे तशी आणखी औषधे आली. पसरलेल्या मेलॅनोमात ती उपयोगी पडतात, मात्र चूक असेल तरच. तळपायाच्या मेलॅनोमात बी-रॅफची चूक कमी वेळा आढळते. त्यांतील काहींत किट या दुसऱ्या जनुकात बदल असतो आणि अशांपैकी काहींना रक्ताच्या कर्करोगात वापरली जाणारी इमॅटिनिब ही गोळी लागू पडते. तपासणीशिवाय ही महागडी व त्रासदायक औषधे देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

एक गैरसमज

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बी-रॅफची चूक साध्या, निरुपद्रवी तिळांतही बहुतेक वेळा असते! म्हणून 'जनुकात बदल सापडला' म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. तसेच बदल सापडला नाही म्हणजे कर्करोग नाही, असेही नाही. निदान सूक्ष्मदर्शकाने होते. जनुकांची तपासणी शंका फेडायला आणि औषध निवडायला मदत करते. कातडीवर चिकटपट्टी लावून पेशी तपासण्याची एक पद्धत अमेरिकेत निघाली. पण तीही तळपाय, तळहात व नखांसाठी नव्हती, आणि आपल्याकडचा धोका नेमका तिथेच आहे.

आपण काय करावे?

१. महिन्यातून एकदा उजेडात तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे पाहावीत. वयस्कर माणसांचे पाय घरातल्यांनी पाहावेत. नवा काळा डाग, वाढणारा किंवा वेड्यावाकड्या कडांचा डाग, नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, महिनाभरात न भरणारी जखम दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

२. असा डाग ब्लेडने कापू नये, चुन्याने किंवा औषधाने जाळू नये.

३. डाग काढायचा ठरला, तर "तुकडा तपासायला जाणार ना?" हे आधीच विचारावे. तो फॉर्मेलिनमध्येच, तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मेलिन असलेल्या बाटलीत जावा. साध्या पाण्यात नेलेला तुकडा कुजतो.

४. अहवालाबरोबर ब्लॉकचा क्रमांक जपून ठेवावा. मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर प्रयोगशाळेकडून ब्लॉक मागून न्यावा.

५. खर्चाबाबत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार व तपासण्या बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधीच विचारावे.

आमच्या त्या काकांना मुंबईला पाठवले. शस्त्रक्रिया करून जांघेतल्या गाठी काढल्या आणि त्यांच्याच ब्लॉकवर जनुकांची तपासणी झाली. बी-रॅफची चूक निघाली नाही. त्यामुळे त्या गोळ्यांच्या मागे पैसे न घालवता डॉक्टरांनी दुसरे उपचार सुरू केले आहेत. परवा मुलगा कागद दाखवायला आला होता. जाताना म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता घरातल्या सगळ्यांचे पाय बघतो मी. आईच्या टाचेवरसुद्धा एक ठिपका आहे, उद्या तिला घेऊन येतो."

आणा म्हटले. ठिपका साधाही असेल. तो साधा आहे, हे तपासूनच ठरवायचे.