विश्लेषण : हात न लावता घंटा वाजली कशी?

अमेरिकेतील फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ मध्ये आपल्या घराच्या छतावर लोखंडी दांडा बसवला. त्याला जोडलेल्या घरातील घंटा ढग आले की आपोआप वाजू लागत. ही करामत नेमकी कशाची होती? आणि तिचा आपल्या घरातील अर्थिंगशी काय संबंध?

रचना कशी होती?

छतावरील दांड्याची तार जिन्यापर्यंत आणून तिथे मध्येच तोडली होती. वरच्या टोकाला एक घंटा, जमिनीकडे जाणाऱ्या टोकाला दुसरी. दोन्हींच्या मध्ये रेशमी दोऱ्याने लटकवलेली पितळी गोळी. रेशमातून विद्युतभार सहज वाहत नाही, म्हणून गोळीवर आलेला भार गोळीवरच राहतो.

गोळी का हलते?

ढगामुळे पहिली घंटा भारित होते. गोळीतील इलेक्ट्रॉन सरकतात आणि घंटेकडील बाजूवर विरुद्ध भार जमतो. जवळचे आकर्षण पलीकडच्या बाजूवरील प्रतिकर्षणापेक्षा जास्त ठरते, कारण अंतर वाढले की बळ झपाट्याने घटते. दोन बिंदुभारांमधील अंतर दुप्पट झाले तर बळ एक चतुर्थांश होते, हा नियम कूलोमने १७८५ मध्ये मांडला.

स्पर्श झाल्यावर काय बदलते?

धातू धातूला टेकला की भार वाटला जातो. एकसारखे दोन गोळे असतील तर निम्मा-निम्मा. आता गोळी आणि घंटा यांच्यावर एकाच प्रकारचा भार असतो. त्यामुळे आकर्षणाचे प्रतिकर्षण होते. गोळी दुसऱ्या घंटेवर आदळते, तिथे भार सोडते आणि तो जमिनीत जातो. गोळी मोकळी होऊन पुन्हा पहिल्या घंटेकडे ओढली जाते. प्रत्येक ठोक्याला थोडा भार जमिनीत पोहोचतो.

धोका कुठे होता?

भार जास्त झाला की तो गोळीची वाट पाहत नाही, ठिणगी होऊन फट ओलांडतो. सेंट पीटर्सबर्गमधील शास्त्रज्ञ गेऑर्ग रिखमान १७५३ मध्ये वादळात अशाच दांड्याशी प्रयोग करत होते. त्यांचा दांडा जमिनीशी जोडलेला नव्हता. वीज कोसळली आणि त्यांचा मृत्यू झाला.

आज याचा उपयोग काय?

इमारतीवरील तडितरक्षकाची तार सलग जमिनीपर्यंत जाते ती यासाठीच. फ्रिज, गीझरच्या प्लगची तिसरी पिन वेगळ्या कामाची असली तरी तत्त्व तेच : धातूच्या भागावर आलेल्या विजेला माणसापेक्षा सोपी वाट देणे. मात्र तार मध्येच तुटली, गंजली किंवा पिन काढून टाकली, तर ती वाट बंद होते. म्हणून दांडा किंवा पिन आहे एवढ्यावर समाधान न मानता, पावसाळ्यापूर्वी दोन्ही जोडण्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याव्यात.