मृत्युपत्रातला एक परिच्छेद

अंधेरी स्टेशनातून पूर्वेला उतरून महाकाली लेण्यांच्या रस्त्याला लागले की सीप्झच्या बाजूला धावणाऱ्या रिक्षा, ऑफिसांच्या काचा आणि टॉवरांची कुंपणे एवढेच नजरेत भरते. सत्तर वर्षांपूर्वी इथे झाडी होती. त्या झाडीत १९५५-५६ च्या सुमारास एका इंग्रज वैमानिकाने अपंग आणि निराधार माणसांसाठी घर काढले. ‘बेथलहेम हाऊस’ हे त्याचे तेव्हाचे नाव. ब्रिटनबाहेर निघालेले हे पहिले चेशायर होम. अंधेरीत उभा जन्म काढलेल्या कितीतरी मंडळींना त्याची माहिती नसते. आमची मुलुंडची मंडळी तर अंधेरीला परगावच समजतात, तेव्हा त्यांचे काय सांगावे!

ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होते. शंभरावर मोहिमा, त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून आकाशात हजर. युद्ध संपल्यावर त्यांनी हॅम्पशायरमध्ये ‘ल कोर्ट’ नावाचा एक मोठा वाडा आपल्या नात्यातल्या बाईंकडून विकत घेतला. १९४८ साली आर्थर डाइक्स नावाचा त्यांचा एक जुना सहकारी कर्करोगाने अंथरुणाला खिळला. हॉस्पिटलला त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते. चेशायर त्याला वाड्यावर घेऊन आले. शुश्रूषेचे कसलेही शिक्षण नसलेला हा माणूस त्याचे अंथरूण बदलू लागला, त्याला भरवू लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाइक्स गेला. पण तोवर दुसरा रुग्ण दारात आला होता. पुढच्या साऱ्या चेशायर होम्सचे मूळ त्या एका अंथरुणात आहे. आपल्याकडे दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीच्या यादीत चेशायर होम्सचे नाव सापडते ते उगाच नव्हे. चेशायर साहेबांचे १९५९ सालचे स्यू रायडर यांच्याशी झालेले लग्नही मुंबईतच लागले, हे जाता जाता सांगतो.

हा सगळा इतिहास मी शोधत बसलो तो आमच्या मृत्युपत्राच्या निमित्ताने. मी आणि माझी पत्नी, दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. एकुलती एक मुलगी कॅनडात स्थिरावली आहे. “इथल्या फ्लॅटचं तुम्ही दोघं मिळून काय ते ठरवा, माझ्यासाठी अडकवून ठेवू नका,” असे तिनेच आम्हाला सांगितले. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, कुठेही जा, अशी जोडपी इमारतीगणिक सापडतील. बँकेत चार-दोन लाखांच्या ठेवी, आणि डोक्यावर मात्र कोटीच्या घरातला फ्लॅट! चाळीस वर्षांपूर्वी सोसायटीचे कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांनी आम्हाला आमच्या नकळत श्रीमंत करून टाकले आहे. ही श्रीमंती जिवंतपणी भोगता येत नाही. ती उपयोगी पडली तर मागाहूनच.

मग सैनिकच का? आमच्या नात्यातले कुणीही फौजेत गेलेले नाही. कारण आमच्या फाटकावर होते. अठरा वर्षे आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक माजी सैनिक असत. सातारा जिल्ह्यातले. लहानथोर सगळे त्यांना ‘फौजी मामा’ म्हणत. १९७१ च्या लढाईत ते पूर्व आघाडीवर होते, पण त्याबद्दल फारसे बोलत नसत. पावसाळ्यात गुडघा धरला की तेवढे “हा ढाक्याकडचा चिखल आहे, साहेब” असे म्हणायचे. लढाईनंतर दोन वर्षांनी त्यांचा थोरला भाऊ वारला. शेतीकडे बघायला कुणी नाही, म्हणून नऊ वर्षांच्या नोकरीनंतर स्वतः अर्ज करून ते गावी परतले. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षे भरावी लागतात. सहा वर्षे कमी पडली, ती जन्मभर कमी पडली. शेताने पोट भरेना, तेव्हा मुंबई गाठली आणि खाकी शर्टावर दुसरी खाकी चढली.

आज ते ऐंशीच्या पुढे आहेत. बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. भांडुपला टेकडीच्या अंगावर भाच्याची खोली आहे, तिथे असतात. अडीच वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारे गेले. भाचा वाईट नाही. तो टेम्पो चालवतो, त्याची बायको चार घरची पोळ्या-भाजी करते. सकाळी सातला दोघे बाहेर पडतात ते दुपारी दोनला तिचे पाऊल परत घरात पडते. तेवढे सात तास फौजी मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. खोलीत मोरी आहे, पण संडास साठ पायऱ्या खाली. यापलीकडचे वर्णन रविवारच्या सकाळी वाचकांना नको.

पैशाची सोय अजिबात नाही असे नाही. ज्या माजी सैनिकाला पेन्शन नाही, जो हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा आहे आणि ज्याचे वय पासष्टच्या पुढे आहे, त्याला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाहासाठी अनुदान मिळते. महिन्याला ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० झाले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करायचा. डिस्चार्ज बुक मात्र हाताशी हवे. मामांचे पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेले निघाले. घरातला तो एकमेव कोरडा कागद असावा. हा पैसा ध्वजनिधीतून येतो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, शाळेत आपण खिशाला कागदी झेंडा टाचून घ्यायचो, तोच हा निधी. पण आठ हजारांत मुंबईत ब्यूरोचा माणूस पंधरा दिवसही टिकत नाही. औषधोपचाराची ईसीएचएस योजना २००३ मध्ये आली, ती मुख्यतः पेन्शनवाल्यांसाठी. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक विश्रामगृहे आहेत, सैनिकांच्या मुलांची वसतिगृहे आहेत. त्यांत रात्रीचा मुक्काम होतो, शिक्षण होते. म्हातारपण काढता येत नाही.

खडकीला जायबंदी जवानांसाठी फार मोलाचे काम चालते. तिथल्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटचा जन्म आपल्या मुंबईतला. १९१७ साली, पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या शिपायांना हातात कसब देण्यासाठी गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी ती सुरू केली आणि काही वर्षांनी ती खडकीला गेली. १९७४ मध्ये तिथेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. मणक्याला मार बसून कमरेखाली लुळे झालेले जवान इथे राहतात, काही जण कैक वर्षे. चाकाच्या खुर्चीवरून खेळतात, हात चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. सरकारचे अनुदान, सैन्याची मदत आणि लोकांच्या देणग्या यांवर केंद्र चालते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्यांच्यासमोर मान लवते. पण ज्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत त्यांची संख्या फार मोठी, आणि मामांसारख्या केवळ म्हाताऱ्या, केवळ आजारी शिपायाचा प्रश्न खडकीलाही सुटणारा नाही. त्याला हवी असते एखाद्या साध्या, नीट चालणाऱ्या आश्रमात एक खाट आणि दिवसातून चार वेळा कूस बदलणारे दोन हात.

आणि हे हातच कुणी दान करत नाही! आपल्याकडे देणगीदाराला इमारत आवडते. कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो निघतो. पुढे वीस वर्षे आयांचा पगार, डायपर, चादरी, लिफ्टची दुरुस्ती यांसाठी विश्वस्त दारोदार फिरतात. जुन्या मुंबईकरांना हे कळत होते. शहरातल्या जुन्या इस्पितळांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या पाहा: अमुक यांच्या स्मरणार्थ एक खाट. रक्कम कायम निधीत ठेवायची आणि व्याजावर ती खाट चालवायची, असा सरळ हिशेब. फ्लॅट विकून आलेल्या पैशातून एखाद्या आश्रमात अशा एक-दोन खाटा कायमच्या चालू शकतील, आणि त्यांवर पहिला हक्क पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाचा राहील, अशी अट घालता येते.

इथवर भावना. यापुढे वकील लागतो. घाटकोपरला आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, अविवाहित. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते, ‘माझे घर सैनिकांच्या वृद्धाश्रमास द्यावे.’ कुठल्या? कुणी द्यावे? काहीच नाही. त्या गेल्या, पुतणे उभे राहिले, आणि घर सहा वर्षे कुलपात. छताला ओल धरली, सोसायटीची थकबाकी वाढत गेली. इतका चांगला हेतू, पण त्याला पत्ताच नव्हता.

त्यावरून आम्ही शहाणे झालो. कायद्याने फार मोठे मागणे केलेले नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही. सही आपली आणि दोन साक्षीदारांची. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हिंदूंना स्वकष्टार्जित मिळकत हवी त्याला देता येते, वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र फक्त आपला हिस्सा. मुसलमानांना वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. मरोळ-बोरिवलीच्या ख्रिस्ती बांधवांसाठी १९२५ च्या वारसा कायद्यात एक विचित्र कलम होते. जवळचे नातलग असतील तर धर्मादाय दानाचे मृत्युपत्र मरणाच्या निदान वर्षभर आधी केलेले हवे! आपले मरण वर्षभर आधी कुणाला कळते? केरळातल्या एका धर्मगुरूंनी दाद मागितली आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. मुंबईतल्या मृत्युपत्रांना वर्षानुवर्षे प्रोबेटची सक्ती होती, तीही २०२५ च्या अखेरीस संसदेने काढून टाकली. इस्टेट ड्यूटी तर १९८५ मध्येच गेली. मृत्युपत्राने दिलेल्या रकमेवर आपल्याला प्राप्तिकरात सूट मात्र मिळत नाही. ती हयातीत दिलेल्या देणगीला. ज्यांना सुटीची गोडी आहे त्यांनी थोडे आजच द्यावे.

सोसायटीच्या फॉर्मवर भाच्याचे नाव नॉमिनी म्हणून घातले की फ्लॅट त्याचा झाला, ही समजूत घरोघरी आहे. नॉमिनी हा सांभाळणारा; मालक मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. दोन्ही कागदांत दोन नावे असली की भांडण ठरलेले.

आमच्या वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. फ्लॅट थेट ट्रस्टच्या नावे करू नका. सार्वजनिक ट्रस्टला स्थावर विकायचे तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, त्यात वर्षे जातात, आणि सोसायट्याही ट्रस्टला सभासद करून घ्यायला नाके मुरडतात. त्यापेक्षा व्यवस्थापक नेमा, त्याने फ्लॅट विकावा आणि रक्कम ट्रस्टला द्यावी असे लिहा. ट्रस्टचे नोंदणीतले पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. तो ट्रस्ट तेव्हा बंद पडलेला असला तर रक्कम कुठे जावी, तेही लिहा. आम्ही त्या जागी ध्वजदिन निधीचे नाव घातले. आणि व्यवस्थापक आपल्याहून वयाने लहान निवडा. बरेच लोक समवयस्क जिवलग मित्राला नेमतात. तो आधी जातो.

घरात सगळे आनंदाने झाले असे नाही. धाकट्या वहिनींनी स्पष्टच विचारले, “भाऊजी, रक्ताच्या माणसांपेक्षा वॉचमन जवळचा झाला का हो तुम्हाला?” प्रश्न गैर नव्हता. पुतण्याच्या शिक्षणासाठी आम्ही ठेवींतून वेगळी रक्कम ठेवली आहे, हे त्यांना दाखवले. तरी नाराजी गेली नाही, आणि मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा ती पुन्हा वर येईल. म्हणून दोन साक्षीदारांपैकी एक आमचे डॉक्टर घेतले. सही करताना आम्ही दोघे पूर्ण शुद्धीत होतो, असे त्यांनी खाली लिहून दिले आहे.

या कशाचाही फौजी मामांना उपयोग नाही, कारण आमचे मृत्युपत्र आम्ही दोघे गेल्यावर बोलू लागणार. त्यांच्यासाठी सोसायटीतल्या अकरा घरांनी दरमहा वर्गणी धरली आहे. सकाळी सात ते दोन एक मुलगा भांडुपला जातो. कूस बदलतो, दाढी करून देतो, पेपर वाचून दाखवतो. जानेवारीपासून दोन घरे वर्गणीतून गळली. उरलेल्या नऊंत आकडा बसवण्यासाठी येत्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बैठक आहे.