जंतूंचं जग – ७ : घाईची दुरुस्ती

गेल्या आठवड्यात पेनिसिलीन जंतूची भिंत कशी कमकुवत करतं ते पाहिलं. आज भिंतीच्या आत, थेट डीएनएपाशी जाऊ. निमित्त नवी मुंबईचं आहे. जुलै 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मित लस टोचायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देणारी ही जगातली पहिली मोहीम. पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. गोळ्यांनी उतरणाऱ्या तापासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण गोळ्यांचा भरवसा राहिलेला नाही. नव्वदच्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉइड सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे नांगी टाकायचा. आज आपल्याकडे त्याच्यावर सिप्रो जवळपास निकामी आहे.

या जंतूचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल. जंतू स्वतः जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा. एवढा धागा आत कोंबायचा, वर नक्कल काढताना उलगडायचा, म्हणजे पीळ आणि गुंता आलाच. तो सोडवतं गायरेज नावाचं विकर. ते डीएनएचे दोन्ही पदर कापतं, टोकं स्वतःशी घट्ट धरून ठेवतं, फटीतून धाग्याचा दुसरा भाग पलीकडे काढतं आणि टोकं पुन्हा जोडतं. सिप्रो नेमकं या कापण्या-जोडण्याच्या मधल्या क्षणी फटीत जाऊन बसतं. जोड होत नाही. नक्कल काढणारी यंत्रणा तिथे येऊन धडकते आणि तात्पुरता काप कायमचा होतो. वाशीच्या मसाला विकिरण केंद्रात कोबाल्टचे गॅमा किरण मिरचीपुडीतल्या जंतूंचा डीएनए बाहेरून तोडतात. सिप्रो स्वतः काहीच तोडत नाही, जंतूच्याच विकराकडून तोडून घेतं. इतकी धूर्त चाल फार थोड्या औषधांना जमली आहे.

जंतूही हातावर हात ठेवून बसत नाही. रेकबीसीडी हा प्रथिनसमूह तुटकी टोकं तासतो. त्यांवर रेकए प्रथिनाची माळ चढते आणि शेजारच्या शाबूत प्रतीत जुळणारा मजकूर शोधते. तो पाहून तुटलेलं भरून निघतं. ही दुरुस्ती सहसा बिनचूक. पण हीच माळ लेक्सए नावाच्या प्रथिनाला स्वतःचेच दोन तुकडे करायला लावते, आणि एरवी लेक्सएने दाबून ठेवलेली चाळीसेक जनुकं जागी होतात. याला ‘एसओएस’ प्रतिसाद म्हणतात. त्यात शेवटी उतरतात काही बेफिकीर पॉलिमरेज : डीएनए बिघडलेला असला तरी नक्कल रेटणारी, चुकली तरी चालेल म्हणणारी. बहुतेक चुका जंतूलाच भोवतात. एखादी मात्र पथ्यावर पडते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जंतूचा लेक्सए तुटूच नये असा बदलला. उंदरांवरच्या प्रयोगात त्या जंतूंमध्ये सिप्रोचा प्रतिकार उपजलाच नाही. जुलाब झाले की दुकानातून दोन गोळ्या घेऊन थांबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं : जंतू मारायला अपुरी पडलेली मात्रा एसओएस जागवायला पुरते.

टायफॉइडच्या जंतूत नेहमी सापडणारा बदल एवढासाच आहे. गायरेजच्या ए भागात 83 व्या जागी सेरीनऐवजी फिनाइलअ‍ॅलनिन किंवा टायरोसिन येतं. सिप्रोची पकड सैलावते, गायरेजचं काम अडत नाही. अशा आणखी एक-दोन बदलांनी पकड पारच सुटते. मग डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनकडे वळतात.

लशीला या भानगडीशी देणंघेणं नाही. ती शरीराला जंतूवरचं ‘व्हीआय’ हे शर्करेचं आवरण ओळखायला शिकवते. आत 83 व्या जागी सेरीन असो की टायरोसिन.