गप्प झालेला टॅपेट

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा एखाद्या बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टकटक ऐकू येते. गॅरेजच्या भाषेत टॅपेट वाजतंय. त्यावर दोन घरगुती उपाय चालतात: जाड ऑइल ओतायचं, नाहीतर इंजिन चालू ठेवून आवाज थांबेपर्यंत ॲडजस्टिंग स्क्रू आवळायचा. दोन्हींनी आवाज बऱ्याचदा जातो. तरीही माझं मत असं की, थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, अंदाजाने आवळून गप्प केलेला परवडत नाही.

याचं कारण वॉल्व्हच्या कामातच आहे. जिप्सीच्या नंतरच्या गाड्यांत १२९८ सीसीचं, १६ वॉल्व्हचं इंजिन आहे. कॅमशाफ्टचा उंचवटा रॉकरला ढकलतो आणि रॉकर वॉल्व्ह उघडतो. वॉल्व्ह तापला की लांबतो, म्हणून रॉकर आणि वॉल्व्हमध्ये मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशाइतकी फट मुद्दाम ठेवलेली असते; ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की तीच कमी होते. कॅम किंवा रॉकर झिजला की ही फट वाढते आणि खटखट सुरू होते. पण वॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजली, की वॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो आणि फट उलट कमी होते. म्हणजे एक झीज ओरडून सांगते, दुसरी चकार शब्द काढत नाही. आणि घातक आहे ती दुसरीच. एक्झॉस्ट वॉल्व्हची बरीचशी उष्णता तो बंद असताना बैठकीतून बाहेर जाते. फट संपली, वॉल्व्ह पूर्ण बसेना, की उष्णतेची वाट अडते, गरम वायू कडेने निसटतात आणि वॉल्व्हची कड जळते. गाडी चढावर दम टाकते, कॉम्प्रेशन घटतं, शेवटी हेड उतरवावं लागतं. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत बैठक लवकर झिजू शकते, तेव्हा तिथे शांततेवर अजिबात विश्वास टाकू नये.

यावर कोणी म्हणेल, मुरलेल्या मिस्त्रीचा कान फट मोजायच्या फिलर गेजपेक्षा तल्लख असतो. आवाज कुठून येतो हे शोधण्यापुरतं ते मला मान्य आहे. सांबराचा कॉल ऐकायला गाइड इंजिन बंद करायला लावतो, तसंच इथेही एकेक आवाज वेगळा काढावा लागतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. आठशे फेऱ्यांच्या आयडलिंगला एक वॉल्व्ह मिनिटाला चारशेच वेळा उघडतो, म्हणून एकच टॅपेट सैल असेल तर त्याची टकटक सुटी ऐकू येते. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी आणि टोक वॉल्व्ह कव्हरवर टेकवलं, की जागा बरीच कळते. मात्र इंजेक्टरही टिकटिकतो, आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर थंड इंजिनात तशीच फटफट होते, गरम झाल्यावर बहुधा मिटते. फट किती आहे हे मात्र कानाला कळत नाही. ती रात्रभर थंड झालेल्या इंजिनात, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे मोजावी. आणि स्क्रूचा लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा. नटाबरोबर स्क्रूही किंचित फिरतो.

दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात जाड ऑइल नको तर कुठे हवं? पण चालत्या इंजिनात ऑइल तसंही शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेरच्या पाच-दहा अंशांनी तिथे फारसा फरक पडत नाही. उलट डिसेंबरच्या पहाटे तेच जाड ऑइल वर कॅमपर्यंत पोहोचायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ धातू धातूवर घासतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपैकी हवेला साजेसा निवडावा, एवढंच.

बऱ्याच नव्या गाड्यांत स्क्रूच नसतो, हायड्रॉलिक लिफ्टर ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढतात. तिथे सुरू करताना दोन-चार सेकंद टकटक झाली तर घाबरू नये. ती टिकली तर आधी डिपस्टिक, मग फिल्टर, मग गेज लावून ऑइलचा दाब तपासावा. डिपस्टिकवर पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, प्रमाणाबाहेर जास्त असेल तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. दोन्हींत लिफ्टर वाजतात. टकटकीबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथेच बंद करावी, मग ती आलापल्ली-भामरागड रस्त्यावर, गॅरेजपासून कितीही दूर असली तरी.