प्रवाळ : दगड नव्हे, जीव

मंगळाचा कोप टळावा म्हणून पोवळ्याची अंगठी घालणारे लोक आजही आपल्या आजूबाजूला पुष्कळ दिसतात. परंपरा सांगते किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. म्हणून पोवळे, म्हणजेच प्रवाळ, ही वस्तू मुळात काय आहे, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रवाळ हा खाणीतला दगड नाही. तो समुद्रातील एका प्राण्याने रचलेला चुन्याचा सांगाडा आहे. या प्राण्याला पॉलिप म्हणतात. जेलीफिशचा तो नातलग. बहुतेक पॉलिप काही मिलिमीटरांचेच असतात. नळीसारखे शरीर, वर एकच तोंड आणि भोवती दंश करणाऱ्या शुंडकांचे कडे. या शुंडकांनी तो पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतो. एका पॉलिपला अंकुर फुटून दुसरा तयार होतो आणि अशा हजारोंची वसाहत बनते. जुन्यांच्या सांगाड्यावर नवे पॉलिप बांधकाम चालू ठेवतात. गोलसर प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. तरीही लक्षद्वीपची बेटे याच चिमुकल्या जीवांच्या श्रमावर उभी आहेत. आपल्या मालवणच्या समुद्रातही जिवंत प्रवाळ आहेत.

अंगठीतील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी, अंधुक प्रकाशात वाढते. उथळ पाण्यात खडक बांधणाऱ्या प्रवाळांची रीत मात्र वेगळी आहे. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा पॉलिपला देते. पॉलिप त्याला आसरा आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालाचाच.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी ही सोबत तुटते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. लवकर गारवा आला तर ते सावरतात, नाहीतर उपासमारीने मरतात. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ साली हे संकट सोसले.

‘हे असेल तर ते असते; हे नसेल तर ते नसते’, हा प्रतीत्यसमुत्पादाचा आशय येथे डोळ्यांना दिसतो. विद्यार्थी मित्रांनो, ज्या जीवाला वाढत्या उष्णतेपासून स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याचा सांगाडा आपले ग्रह कसा फिरवणार? प्रवाळाला बोटात मिरवण्यापेक्षा समुद्रात जिवंत ठेवणे, हीच खरी करुणा, असे आम्हाला वाटते.